नजरेआड किती मिनिटं

माझ्या थोरल्या वहिनीने एकोणीस वर्षांचे शनिवार-रविवार परक्या बायकांना लघवी करताना पाहण्यात घालवले, आणि या कामाचा तिला अभिमान होता.

आठवडाभर ती इस्पितळाच्या तळमजल्यावर, रक्त काढायच्या खोलीत बसायची. तिथे माणसं हात पुढे करतात आणि तोंड भिंतीकडे फिरवतात. शनिवार-रविवारच्या कामात कोणी तोंड फिरवायचं नाही, वहिनीने तर नाहीच. खेळाडूंनी ताकदीची औषधं घेतली आहेत का हे तपासणारं एक मंडळ होतं, त्याच्या यादीवर ती तपासणी अधिकारी होती. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा ‘सूनबाई काय करतात?’ या प्रश्नाला उत्तर देताना आईची फार पंचाईत व्हायची.

‘खेळांचं बघते,’ आई सांगायची.

‘अरे वा! कोणता खेळ?’

‘सगळेच,’ आई म्हणायची आणि चहा आणायला उठायची.

काम ऐकायला किळसवाणं वाटलं तरी त्याची एक शिस्त होती. शर्यत किंवा सामना संपला, की वहिनी खेळाडूच्या हातात चिठ्ठी द्यायची. त्या क्षणापासून बाटली सीलबंद होईपर्यंत तो खेळाडू तिच्या डोळ्यांसमोर हवा. त्याने पाणी प्यायचं ते तिच्यासमोर, पदक घ्यायचं ते तिच्यासमोर, हरल्यावर रडायचं तेही तिच्यासमोर. बाई असेल तर संडासाच्या आतही वहिनी. पुरुष असेल तर दारापर्यंत वहिनी आणि दाराच्या आत मंडळाचा एखादा पुरुष सहकारी. कारण मिनिटभर जरी माणूस दिसेनासा झाला, तरी तेवढ्यात काहीतरी पिता येतं, टोचून घेता येतं, दुसऱ्याची बाटली खिशात घालता येते. म्हणून फॉर्मवर शेवटून दुसरा रकाना होता : ‘नजरेआड – मिनिटे’. त्यात वहिनी शून्य काढायची. पुरतं गोल, सुरुवात आणि शेवट जुळवून. बाकीचे अधिकारी नुसती तिरकी रेघ मारतात म्हणून तिला राग यायचा.

असल्या बाईबरोबर एका घरात राहणं सोपं नसतं. आईला मधुमेह, आणि आईचा साखरेचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर. वहिनी पाठमोरी कांदा चिरत असली तरी म्हणायची, ‘आई, एक झाला. दुसरा नको.’ आईने तिचं नाव ‘दुर्बीण’ ठेवलं होतं. ‘दुर्बीण कामावर गेली का गं?’ असं मला हळूच विचारायची, आणि गेली म्हटलं की गुडघेदुखी विसरून स्टुलावर चढायची.

दादाचा मात्र वहिनीच्या कामाला मनापासून पाठिंबा होता, फक्त ते सायकलवाल्यांपुरतं असावं एवढंच त्याचं म्हणणं. दादा फुटबॉलवाला. आपल्या क्लबचा निळा शर्ट घालून टीव्हीपुढे बसायचा. पोट वाढलं तसा त्या शर्टाच्या पाठीवरचा नऊचा आकडा आडवा होत गेला होता. नऊ नंबर म्हणजे क्लबचा गोल मारणारा. आमच्या घरात त्याचं नाव कोणी घ्यायचं नाही, थोरामोठ्यांचं घेत नाहीत तसं. नुसतं ‘नऊ नंबर’.

‘सायकलवाले सगळे चोर,’ दादा म्हणायचा. ‘दर वर्षी दहा-बारा सापडतात. फुटबॉलमध्ये बघ. दहा वर्षांत एक नाही.’

‘अहो, दहा वर्षांत तिथे मी किती वेळा गेले ते विचारा ना,’ वहिनी म्हणायची. ‘ज्या घरात रोज केर काढतात तिथेच रोज केर निघतो.’

‘म्हणजे आमचं घर स्वच्छ.’

‘तुमच्या घरात झाडूच नाही.’

हा वाद वर्षानुवर्षं चालला. त्यात कोणी जिंकायचं नाही, कारण मध्येच जाहिराती संपायच्या.

पण मला वहिनी एकटीला सापडली की बरंच सांगायची. सायकलवाल्यांना तीन-तीन महिने आधी कळवावं लागतं, की अमुक रात्री आपण कुठे झोपणार. सकाळी सहाला वहिनी बेल वाजवते आणि दार उघडणारा माणूस चड्डीवर, डोळे चोळत, ‘या ताई’ म्हणून सरळ संडासाकडे चालायला लागतो. काहींना फॉर्मचे नंबर पाठ. एकाची आई म्हणे दरवेळी विचारते, ‘आज पहिल्या धारेचं लागणार की चहा घेऊन?’ वजन उचलणारे शांत असतात. त्यांच्याबद्दल लोकांचं मत इतकं वाईट आहे, की आणखी बिघडायला जागा नाही. टेनिसवाल्या एका बाईने तिला हॉटेलच्या खाली दोन तास बसवलं होतं, आणि कुत्र्याला फिरवून आणायलाही सांगितलं होतं. आणि फुटबॉल? फुटबॉलमध्ये आधी क्लबच्या कचेरीला कळवायचं. मग फाटकाशी क्लबचा डॉक्टर हजर. मऊ सोफा, चांगली कॉफी. ‘साहेब बर्फाच्या टबात बसलेत, आत्ता येतील.’

‘आणि तू काय लिहितेस रकान्यात?’ मी विचारलं.

‘टबापाशी आमचा माणूस उभा असतो ना. शून्य लिहिते. दिसला नाही, तर दिसला नाही म्हणून लिहीन.’

त्या वर्षी तसं दोनदा झालं.

पहिल्यांदा मार्चमध्ये. बायकांची शर्यत होती, शेवट चढावर. चोविसाव्या आलेल्या एका मुलीला वहिनीने चिठ्ठी दिली. मुलगी तेवीस वर्षांची, चेहरा कणकेसारखा पांढरा. तिने चिठ्ठीवर सही केली, सायकल टाकली, आणि कठड्याखालून वाकून आपल्या संघाच्या गाडीमागे पळाली. मध्ये माणसांची गर्दी. वहिनी कठड्याला वळसा घालून पोचली तेव्हा मुलगी चाकाला धरून ओकत होती आणि ड्रायव्हर तिच्या डोक्यावर पाणी ओतत होता. वहिनीने घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं झाली होती. तिने रकान्यात ‘दोन’ लिहिलं. मुलीनेही त्याखाली सही केली. दोन मिनिटं झालीच होती, त्यात वाद काय?

नमुना स्वच्छ निघाला. मंडळ म्हणालं, स्वच्छच निघणार. दोन मिनिटं मिळाल्यावर कोणाचा निघणार नाही? सायकलिंगचं नाव आधीच खराब, तेव्हा तिथे कडक राहिलं पाहिजे. चौकशी लावली. चौकशी होईपर्यंत शर्यती बंद. संघाने दुसऱ्याच दिवशी तिच्याकडून कपडे परत मागून घेतले. चौकशीची तारीख एप्रिलची पडली, मग जूनची, मग ऑगस्टची.

दुसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये. दादाच्या क्लबचा सामना, चिठ्ठी नऊ नंबरला. तो छान हसला, सही केली, ‘चला मॅडम’ म्हणाला. रबराच्या चटया घातलेला लांब बोळ, मलमाचा वास. वहिनीबरोबरच्या सहकाऱ्याला तेवढ्यात क्लबच्या माणसाने बाहेर बोलावलं. त्याची गाडी म्हणे चुकीच्या जागी उभी होती. नऊ नंबर मालिशच्या खोलीत शिरला आणि डॉक्टर दारात आडवा झाला.

‘बाई, आत पुरुष उघडे आहेत.’

‘मी इस्पितळात काम करते, डॉक्टर. उघड्या माणसांचं मला नवल नाही.’

‘तुम्हाला नसेल. त्यांना लाज वाटते.’

‘मग त्यांना टॉवेल द्या आणि दार उघडं ठेवा.’

डॉक्टरने टॉवेल आणायला म्हणून दार लावून घेतलं. वहिनी बोळात उभी राहिली. समोरच्या भिंतीवर क्लबच्या चिन्हाचं मोठं घड्याळ होतं. पाच वाजून चार मिनिटांनी दार लागलं आणि पाच वाजून पंधरा मिनिटांनी उघडलं. नऊ नंबर बाहेर आला तो टॉवेलशिवायच, पूर्ण कपड्यांत.

वहिनीने रकान्यात ‘अकरा’ लिहिलं. त्याने न वाचता सही केली. एवढ्या सह्या करणारा माणूस कशाला वाचेल?

हाही नमुना स्वच्छ निघाला. मंडळ म्हणालं, नमुना स्वच्छ आहे, मग मिनिटं मोजून काय करायचं आहे?

पण कागद तो कागद. तो असाच राहिला तर नियमाप्रमाणे चौकशी, चौकशी होईपर्यंत सामने बंद, आणि उपांत्य सामना दहा दिवसांवर. तेव्हा मंडळाच्या सचिवांनी वहिनीकडे एक पत्र पाठवलं, टाइप करून, फक्त सही करायची ठेवून. ‘सदर रकान्यात “अकरा” हा आकडा माझ्याकडून नजरचुकीने लिहिला गेला असून तो “शून्य” असा वाचावा.’

ते पत्र जेवणाच्या टेबलावर मीठदाणीखाली तीन दिवस होतं.

‘सही कर आणि मोकळी हो,’ दादा म्हणाला. ऑफिसात बातमी फुटली होती. नऊ नंबरला अडवणारी बाई याची बायको आहे हे कळल्यापासून लोक त्याच्याशी बोलायचे थांबले होते. ‘अगं, एका शब्दाचा तर प्रश्न आहे.’

‘शब्द कोणता आहे ते वाचलंत?’

‘नजरचूक. सगळ्यांकडून होते. माझ्याकडून महिन्याला दहा होतात.’

‘तुम्ही विमा कंपनीत आहात. माझं कामच नजर आहे. ती चुकली तर मी तिथे काय करत होते? घड्याळ बघायला गेले होते?’

‘अकरा मिनिटांत असं काय होतं?’

‘दोन मिनिटांत काय होतं मग?’

‘ते सायकलवाल्यांचं वेगळं आहे!’

तेवढ्यात आई, जी कधी वहिनीची बाजू घेत नाही, भाताचा घास तसाच ठेवून म्हणाली, ‘सूनबाईची नजर चुकत नाही रे. मला विचार.’

दादा चिडून उठला. मला हसू आवरेना, पण वहिनी हसली नाही. तिला सही करायची नव्हती, हे स्पष्ट होतं. एकोणीस वर्षांत तिने कधी कोणाला ‘चुकलं माझं’ म्हणून लिहून दिलं नव्हतं, कारण चुकलंच नव्हतं. तिच्याकडे दुसरं काही नव्हतं फारसं. दादाचं प्रमोशन, माझं लिहिणं, आईचं मोठं माहेर, तसं तिचं हे एक.

चौथ्या दिवशी ती इस्पितळात असताना खिडकीशी एक पार्सल आलं. आणणारी मुलगी हेल्मेट घातलेली, पाठीवर भलं मोठं चौकोनी दप्तर. ‘इथे सही करा,’ म्हणाली. वहिनीने सही केली आणि वर पाहिलं. चढावरची मुलगी. आता चेहरा पांढरा नव्हता, उन्हाने करपला होता.

मुलीने तिला आधीच ओळखलं होतं. ‘वेळपण लिहा, ताई,’ ती म्हणाली. ‘तुम्ही वेळ बरोबर लिहिता.’

‘चौकशी?’ वहिनीने विचारलं.

‘नोव्हेंबर म्हणतात. पुढच्या वर्षीचे संघ ऑक्टोबरमध्ये भरतात. पण सायकल चालवायला मिळतेय, तक्रार नाही. दिवसाला साठ किलोमीटर होतात. फक्त दर दोनशे मीटरला उतरावं लागतं.’

ती हसली आणि गेली. वहिनीने त्या दिवशी दोन जणांच्या हातात शीर सापडेपर्यंत सुई फिरवली. असं तिचं कधी होत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मंडळात गेली. सचिव म्हणजे गोड बोलणारे गृहस्थ. त्यांच्या मागच्या भिंतीवर सही केलेले तीन फुटबॉल काचेच्या पेटीत होते. पाच वाजता फुटबॉलवाल्यांची बैठक होती आणि त्यांना चारपर्यंत पत्र हवं होतं.

‘मला माहीत होतं तुम्ही समजून घ्याल,’ ते म्हणाले. ‘एवढ्या वर्षांत फुटबॉलच्या फॉर्मवर या रकान्यात शून्याशिवाय काही आलेलं नाही.’

‘फुटबॉलवाले नजरेआड होत नाहीत?’

‘होत असतील. पण अधिकारी समंजस असतात.’

वहिनीने पर्समधून पत्र काढलं. त्यांच्या टाइप केलेल्या ओळीखाली तिने आपल्या हाताने, पेनाने, दुसरी ओळ लिहिली होती. मार्चमधल्या शर्यतीची तारीख, फॉर्मचा नंबर, आणि पुढे : ‘सदर रकान्यात “दोन” हा आकडाही माझ्याकडून नजरचुकीने लिहिला गेला असून तो “शून्य” असा वाचावा.’ खाली सही.

सचिवांनी दोनदा वाचलं. ‘ही कुठली?’

‘तुम्ही एक चूक मागितलीत. माझ्याकडे दोन आहेत.’

‘हे सायकलिंगचं आहे!’

‘हो. दोन्हीकडे मीच होते. नजर एकच आहे माझी, साहेब. इकडे चुकली आणि तिकडे नाही, असं कसं म्हणू?’

‘तुम्हाला नियम माहीत आहे ना? एक नजरचूक असली तर समज देऊन सोडता येतं. वर्षात दोन झाल्या, तर यादीवरून नाव जातं.’

‘मीच तो नियम नव्या बायकांना शिकवते.’

सचिवांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चारला सात कमी होती. त्यांना ती खालची ओळ कापून घ्यायची होती, पण कापलेलं पत्र बैठकीत कसं ठेवणार? नवं टाइप करायचं तर वहिनी उठून दाराशी गेली होती. शेवटी त्यांनी शिक्का मारला. ‘एवढ्या मोठ्या माणसाबरोबर एक सायकलवाली सुटली तर सुटली,’ ते म्हणाले. वहिनीच्या मते ते त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यात न्याय्य वाक्य होतं.

नऊ नंबर उपांत्य सामना खेळला आणि त्याने एक गोल घालवला. दादाने त्याचं खापर मानसिक त्रासावर, म्हणजे वहिनीवर फोडलं. मुलीवरची चौकशी रद्द झाल्याची दोन ओळींची बातमी पेपरात आली. दादाने ती मोठ्याने वाचून दाखवली. ‘बघ. सापडली तरी सुटली. अधिकाऱ्याच्या चुकीचा फायदा घेतला. म्हणून मी म्हणतो, सायकलवाले!’

‘आणि तुमचा नऊ नंबर?’ मी विचारलं.

‘त्याने काय केलं? त्याच्या वेळी तर चूक दुरुस्त झाली.’

वहिनीने मान वर केली नाही. शनिवार-रविवारी तिला आता करायला काही नव्हतं. घरातले कोपरे धुऊन झाले, आईचा साखरेचा डबा कुलपात गेला, आणि आई मला म्हणाली, ‘तिला ते काम परत मिळवून द्या गं कोणीतरी.’

ऑक्टोबरात मुलगी पुन्हा खिडकीशी आली. पार्सल नव्हतं, पाठीवर दप्तर नव्हतं; अंगात नव्या संघाचा शर्ट होता, अजून घडीच्या रेघा असलेला. वहिनीला वाटलं आभार मानायला आली असेल. तिने खुर्ची पुढे केली. मुलगी बसली नाही.

‘तुमची नजर चुकली नव्हती,’ मुलगी म्हणाली.

‘नव्हती.’

‘दोन मिनिटं झाली होती.’

‘झाली होती.’

‘मग तसं का लिहून दिलंत? मी चौकशीत सांगणार होते ना, की दोन मिनिटं मी गाडीमागे होते, ओकत होते, ड्रायव्हरने पाणी ओतलं. खरं तेच. ड्रायव्हर साक्ष द्यायला येणार होता. आता कागदावर ती मिनिटंच नाहीत. मग मी ओकले कुठे? ड्रायव्हरने पाणी कोणावर ओतलं?’ तिचा आवाज चढला तशा रांगेतल्या दोन बाया वळून बघायला लागल्या. ‘संघातल्या पोरी मला काय म्हणतात माहीत आहे? “नजरचूक.” अगं नजरचूक, पाणी दे. अगं नजरचूक, चाकात हवा भर. मी काही केलं नव्हतं, ताई. आधी मी काही न केलेली होते. आता मी सुटलेली आहे.’

आपलं काम दिलं, आपलं नाव दिलं, आणि जिच्यासाठी दिलं तिचंच काहीतरी घेतलं गेलं, हे वहिनीच्या लक्षात आलं नव्हतं. नजर असून.

‘अजून करता येईल,’ ती म्हणाली. ‘मी मंडळाला लिहिते, की नजरचूक झालीच नव्हती. दोन्ही आकडे खरे होते. मग दोन्ही चौकश्या पुन्हा सुरू होतील. तुझा ड्रायव्हर येईल, तू सांगशील, निकाल लागेल. रीतसर.’ तिने खणातून कोरा कागद काढला, पेनाचं टोपण काढलं. ती खरंच लिहायला बसली होती. आम्हाला सांगताना ती असल्या बाबतीत फुगवून सांगत नाही. ‘आत्ता लिहून देते. तूच टाक नेऊन.’

मुलगी त्या कागदाकडे बघत राहिली. खिडकीबाहेर तिची सायकल भिंतीला टेकून होती.

‘आत्ता नको,’ ती म्हणाली.

‘मग कधी?’

‘रविवारी शर्यत आहे. ती होऊ दे.’

वहिनीने टोपण लावलं. कागद खणात ठेवला, सगळ्यात वर, सापडायला सोपा. मुलीने हेल्मेटचा पट्टा बांधला आणि ‘येते’ म्हणाली.

रविवारी ती एकतिसावी आली. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरी शर्यत होती.